मीटर माझ्या हातात देणाऱ्या इलेक्ट्रिशियन काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बिल चुकतं झालं, व्यवहार संपला. तरी मनातलं बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे उघड पत्र.

माझ्या बोटीवर तुमच्या आधी येऊन गेलेल्यांचं निदान ठरलेलं होतं: बॅटरी गेली. नवी बसवली तरी इंजिन कण्हतच सुरू व्हायचं, मग आळ स्टार्टरवर आला. तुम्ही मात्र आल्या आल्या पान्याला हातही लावला नाहीत. मीटरची एक क्लिप बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावलीत, मीटर माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मी किल्ली फिरवतो, आकडा तुम्ही वाचा."

१.६ व्होल्ट. तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, एवढंच बोललात. म्हणजे बॅटरी भरलेली, स्टार्टर धडधाकट, आणि दीड व्होल्टच्या वर ताकद निगेटिव्ह केबल गिळत होती. केबल कापलीत तर आतलं तांबं वीतभर हिरवं पडलेलं. कथिल न चढवलेली तार, तिच्या टोकाला हातोडीने ठेचलेला लग (पोलवर बसणारी धातूची कडी) आणि वरून काळी टेप! खाऱ्या हवेत दुसरं काय होणार?

काका, काम येणारे पुष्कळ असतात. पण ज्याच्या खिशातून पैसे जाणार, त्यालाच आकडा वाचायला लावणारा विरळा. असा माणूस बिलात काही लपवत नाही, आणि पुढच्या वेळी कुणी उगाच बॅटरी गळ्यात मारायला आला तर काय विचारायचं, हेही शिकवून जातो.

बाकीचं कामही तसंच चोख. कथिल चढवलेली ५० चौरस मिलिमीटरची केबल, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले लग, वर गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. पोलवरचे हाताने फिरवायचे विंग नट काढून सहजी सैल न होणारे नायलॉक नट लावलेत. जाड लग खाली, बारीक वर. इंजिन सुरू करणारी स्टार्टिंग आणि दिवे-फ्रिज चालवणारी हाउस, या दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकाच बसबारवर, म्हणजे जोडणीच्या धातूच्या पट्टीवर आणलेत.

पहिली, दुसरी, दोन्ही की एकही नाही, अशी बॅटरी निवडायचा जुना वन-टू-बोथ-ऑफ स्विच काढलात तेही बरं झालं. तो 'बोथ'वर विसरला, की नांगर टाकून फ्रिज आणि दिवे लावल्यावर दोन्ही बॅटऱ्या एकदम बसतात. आणि चालत्या इंजिनावर 'ऑफ'पर्यंत फिरला, की बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड गेलेच म्हणून समजा. आता स्टार्टिंग आणि हाउस बॅटरीला वेगवेगळे स्विच, अडीअडचणीला दोन्ही जोडणारा तिसरा, आणि चार्जिंगसाठी मध्ये व्होल्टेज सेन्सिंग रिले, म्हणजे व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. साधारण १३.३ व्होल्टला तो जोडतो, १२.८ला तोडतो. हाउस बॅटरी फार उतरलेली असली, की सुरुवातीला थोडा वेळ टक-टक करत राहतो. "तो बिघाड नव्हे, रिले उगाच बदलू नका," हेही तुम्ही आपणहून सांगितलंत. रिलेमार्गे दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज का, तर दोन्हीकडे बॅटरी आहे. केबल मध्येच घासून शॉर्ट झाली तर करंट दोन्ही बाजूंनी धावून येईल. आधीच्या मंडळींनी एकही लावला नव्हता.

बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचं तर बोलायलाच नको. त्यांनी त्याची वायर मेन स्विचच्या पुढून घेतली होती. म्हणजे स्विच बंद करून घरी गेलं, की बोटीत पाणी भरून पंप सुरू करणारा फ्लोट तरंगला तरी पंप मुकाच! तुम्ही ती स्विचच्या आधी, थेट हाउस बॅटरीवर घेतलीत आणि पोलपासून १८ सेंटिमीटरच्या आत तिला स्वतंत्र फ्यूज दिलात. मग बादलीभर पाणी ओतून, सगळे स्विच बंद ठेवून, पंप आपोआप चालतो का तेही बघितलंत. बघा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

धक्क्यावर जो विचारेल त्याला तुमचा नंबर देतोय. फोन वाढले तर राग मानू नका.

आपला ऋणी,
एक बोटमालक