क्लोरिसच्या तोंडातली फुलं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की 'बागेत उभ्या सुंदर बायका, त्यातून तुम्ही लोक तत्त्वज्ञान कुठून काढता', आणि तेवढ्यात माझी बस आली आणि विषय अर्धाच राहिला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायलाच बसले. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तू बोत्तिचेल्ली या इटालियन चित्रकाराच्या 'प्रिमावेरा' म्हणजे 'वसंत' या चित्राबद्दलच बोलत होतास. फ्लॉरेन्सला उफ्फीत्सी संग्रहालयात मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा आधी त्याचा आकारच अंगावर आला, दोन मीटर उंच, तीन मीटरच्या वर रुंद, लाकडावर टेम्परात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी, रंगवलेलं, साधारण १४८० च्या आसपासचं. आपण सवयीने डावीकडून बघायला लागतो आणि तिथेच चुकतं. उजवीकडून सुरू कर. निळसर अंगाचा, गाल फुगवलेला वारा, झेफिर, झाडांतून घुसून क्लोरिस नावाच्या वनदेवतेला धरतोय, ती पळता पळता मागे वळून बघतेय आणि तिच्या तोंडातून फुलं बाहेर पडतायत. नीट बघ, ती फुलं शेजारच्या बाईच्या फुलाफुलांच्या कपड्यांपर्यंत पोचतात, आणि ती शेजारची बाई म्हणजे क्लोरिसच, फ्लोरा म्हणजे फुलांची देवी झालेली! ही गोष्ट ओव्हिड या रोमन कवीची आहे, पण एका बाईचं दुसरीत होणारं रूपांतर एकाच चित्रात शेजारी शेजारी दाखवायचं, ते बघून मी तिथून हललेच नाही कितीतरी वेळ.

मग मधे व्हीनस, प्रेमाची देवी, जरा मागे, शांत. तिच्या डोक्याच्या वर तिचा मुलगा क्युपिड, डोळ्यांवर पट्टी बांधलेला, आणि त्याचा बाण तीन ग्रेसेसपैकी, म्हणजे नाचणाऱ्या तीन लावण्यदेवतांपैकी, मधलीकडे, जी आपल्याकडे पाठ करून उभी आहे. आणि अगदी डावीकडे देवांचा दूत मर्क्युरी, सगळ्यांकडे पाठ फिरवून, हातातल्या काठीने ढग बाजूला सारत वर बघतोय. ती मधली ग्रेस त्याच्याकडेच बघतेय.

आता तत्त्वज्ञान. तिसऱ्या शतकातला प्लेटोपंथी तत्त्वज्ञ प्लोटायनस म्हणायचा की सगळं मुळाशी असलेल्या एका तत्त्वातून वाहत येतं, सूर्यातून उजेड यावा तसं, आणि परत त्याच्याकडेच वळतं. (हा माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर रोमन सम्राट गॉर्डियनच्या सैन्याबरोबर पूर्वेकडे निघाला होता, का तर पर्शियन आणि भारतीय विचार शिकायचे होते म्हणून. सम्राट मारला गेला, हा जेमतेम जीव वाचवून अँटिओकला पोचला आणि नंतर रोमला गेला. तो इकडे पोचला असता तर काय झालं असतं, हे मला सारखं वाटत राहतं.) बाराशे वर्षांनी फ्लॉरेन्समधे तिथल्या सत्ताधारी घराण्यातल्या कोसिमो मेदिचीने मार्सिलिओ फिचिनो या विद्वानाला शहराबाहेर कारेज्जीजवळ घर दिलं आणि प्लेटोचं ग्रीक हस्तलिखित हातात ठेवलं. त्याचं लॅटिन भाषांतर १४८४ ला छापून आलं, प्लोटायनसचं १४९२ ला. फिचिनोचं म्हणणं असं, की सौंदर्य देवाकडून जगात उतरतं, त्याची ओढ म्हणजे प्रेम, आणि तीच ओढ माणसाला परत वर नेते. म्हणजे सुंदर शरीर बघणं ही पहिली पायरी आहे, पाप नाही. ख्रिस्ती जगात हे असं म्हणणं केवढं मोठं होतं विचार कर, व्हीनससारखी देवी एवढ्या मानाने रंगवायला त्याचा आधार झालाच असणार.

एडगर विंड नावाच्या अभ्यासकाने हेच चित्रात वाचलं. उजवीकडे वाऱ्याबरोबर प्रेम खाली येतं, मधे ग्रेसेसच्या नाचात ते वळतं, आणि मर्क्युरीबरोबर वर निघून जातं. आता तू म्हणशील, ही सगळी मागाहून लावलेली बुद्धी. पण फिचिनोचं एक खरं पत्र आहे, १४७८ च्या सुमारासचं, लोरेन्झो दि पिएरफ्रांचेस्को मेदिची या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला. त्यात तो त्याला सांगतो की व्हीनसवर नजर ठेव, व्हीनस म्हणजे माणुसकी, आणि मग तिचे डोळे, हात, पाय एकेका गुणाला वाटून देतो. आणि १४९९ च्या यादीत हे चित्र त्याच पोराच्या घराण्याच्या घरात सापडतं!

हां, ते एका दिवाणासारख्या फर्निचरच्या वर लावलेलं होतं, आणि १४८२ मधे त्या पोराचं लग्न झालं, त्यामुळे ते लग्नाचंच चित्र असं म्हणणारेही आहेत. मला त्यात भांडण दिसतच नाही रे. फिचिनोच्या हिशोबात नवऱ्याबायकोची ओढ आणि देवाकडची ओढ एकाच वाटेवर आहेत, खालची नि वरची पायरी. फक्त बोत्तिचेल्ली ग्रंथ उघडून एकेक ओळ रंगवत बसला असं मात्र मला वाटत नाही. शंभराहून जास्त जातींची फुलं इतक्या प्रेमाने काढणाऱ्या माणसाला आधी फुलंच आवडत असणार.

आज रात्री चित्र मोठ्या स्क्रीनवर उघड आणि क्लोरिसच्या तोंडाजवळ झूम कर. मग मर्क्युरीच्या काठीच्या टोकाशी ये, तिथे ढगाचे बारीक पुंजके आहेत, पटकन दिसत नाहीत. दिसले की लगेच फोन कर, कितीही उशीर होऊ दे.

तुझीच मैत्रीण