स्किन वॉर्डच्या नाइट ड्युटीवरच्या सिस्टरना, मनापासून थँक यू

सिस्टर, तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला चालेल की नाही ते विचारलेलं नाही म्हणून. पण वाचलंत तर लगेच ओळखाल. पेम्फिगसवाल्या (तोंडात, अंगावर फोड येण्याचा तो आजार) मावशींची मुलगी, जी सारखी तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहायची, ती मी.

आईला प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, रोज 60 मिलिग्रॅम सुरू झालं, तोंडातले फोड सुकायला लागले, घास गिळता यायला लागला, आम्ही सगळे खूश. आणि मग आईच बदलली. रात्र रात्र जागी, बडबड थांबेना, मध्येच हसायची मध्येच रडायची, आणि मग म्हणायला लागली की बाजूच्या बेडवरची माणसं माझ्याबद्दलच कुजबुजतात. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी म्हणे टेन्शनने डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणे वय झालं आता, आणि हे सगळं तिच्यासमोरच, तिला ऐकू जात नसल्यासारखं.

तुम्ही मात्र आधी तिच्याशीच बोललात, "मावशी, झोप कधीपासून लागत नाही?" मग चार्ट उघडून डोस बघितलात, डॉक्टरांना फोन लावलात, आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलंत की हे गोळ्यांनी होतंय, मावशींचं डोकं फिरलेलं नाही. त्या एका वाक्याने आमच्या घराला किती धीर आला ते तुम्हाला कसं सांगू.

मग मी वाचत सुटले. किडनीच्या वर बसलेल्या त्या दोन छोट्याशा अ‍ॅड्रिनल ग्रंथी, त्यांचं अ‍ॅड्रेनलिन सेकंदात छाती धडधडवतं आणि काही मिनिटांत ओसरतं, पण त्यांच्याच कॉर्टिसोलचं, ज्याची नक्कल म्हणजे आईची गोळी, काम वेगळं, ते पेशीच्या आत शिरून कुठले जीन्स चालू ठेवायचे कुठले बंद ते ठरवतं, त्यामुळे परिणाम दिसायला वेळ लागतो आणि जायलाही. डोस कमी केल्यावर आई दुसऱ्या दिवशी लगेच पूर्वीसारखी का झाली नाही ते मला तेव्हा कळलं. आणि मेंदू काही यातून सुटलेला नाही! मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्युएन यांनी 1968 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की त्यांच्यातला असाच हॉर्मोन मेंदूत हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसतो, म्हणजे जिथे आठवणी तयार होतात तिथेच. आता हिशोब बघा, 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलच, औषधाच्या रूपात), शरीराची रोजची गरज साधारण तेवढ्यात भागते, आणि आईला त्याच्या बारा पट चालू होतं. मग झोप, मूड, भूक, साखर सगळंच हलणार ना. बॉस्टनच्या एका मोठ्या पाहणीचे 1972 सालचे आकडे वाचले, दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (आईच्या गोळीचंच भावंड) घेणाऱ्यांत मानसिक त्रास 1.3 टक्के लोकांना, 80 च्या वर गेलं की 18.4 टक्क्यांना. म्हणजे इतकी जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे ही, मग गोळी सुरू करतानाच घरच्यांना का नाही सांगत कुणी? मला खरंच वाटतं की हे प्रत्येकाला सांगायलाच हवं.

पण माझ्या मते तुम्ही सगळ्यात मोठं काम केलंत ते त्यानंतर. आईने गोळ्याच घेणार नाही म्हणून हट्ट धरला होता, आणि आमच्यातल्याही काहींना ते पटत होतं, एवढा त्रास होतोय तर करा बंद. तुम्ही तिच्या शेजारी बसून समजावलंत की बाहेरून एवढा स्टिरॉइड मिळाला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी कॉर्टिसोल बनवायची ऑर्डर पाठवायची थांबते आणि अ‍ॅड्रिनल झोपी जाते, तिला हळूहळू उठवावं लागतं, एकदम गोळी तोडली तर बीपी कोसळू शकतं, उलट्या, चक्कर, जिवावरही बेतू शकतं. तुम्ही घाबरवून नाही सांगितलंत. सरळ सांगितलंत, म्हणून तिने ऐकलं. आणि तो कागद, "स्टिरॉइड चालू आहे" असं मोठ्या अक्षरात लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलात, दात काढायचा असला तरी आधी हे दाखवायचं, ताप आला की डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा, उलटीत गोळी पडली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तो कागद अजून तिथेच आहे, आता लॅमिनेट केलाय.

डॉक्टरांनी डोस उतरवला, सोबत दुसरं औषध दिलं, सगळी गोळी सकाळीच घ्यायला सांगितली कारण कॉर्टिसोलही नैसर्गिकरीत्या पहाटे-सकाळीच चढलेला असतो आणि मध्यरात्री तळाला जातो. आधी झोप आली, मग संशय गेला, रडणं मात्र बरेच दिवस रेंगाळलं. चेहरा अजून गोल आहे, कातडी पातळ झालीये, जरा लागलं की काळंनिळं होतं, हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू आहे. पण बोलते ती आमची आईच, आणि त्या दिवसांतलं तिला बरंच आठवतं. कोण काय म्हणालं तेही. तुम्ही "मावशी" म्हणून हात धरलात तेही.

आता ती 5 मिलिग्रॅमवर आलीये. पुढच्या आठवड्यात सकाळी 8 वाजता कॉर्टिसोलची ब्लड टेस्ट आहे, तिची स्वतःची ग्रंथी कितपत जागी झालीये ते बघायला. रिपोर्ट आला की आईला घेऊन वॉर्डवर येते, तिला तुम्हाला स्वतः भेटायचंय.

तुमची,
पेम्फिगसवाल्या मावशींची मुलगी