दुधाच्या पिशवीचं चित्र

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुधीर,

निवृत्तीनंतर पुन्हा रंग काढलेस हे वाचून फार आनंद झाला. पण स्थिरचित्रासाठी जुन्या बाजारातून पितळी समई आणि घंगाळ घेऊन ठेव म्हणतोस, ते मला पटत नाही.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला आपल्यापुढे तांब्या, पेला, दोन वांगी आणि मागे पडदा मांडायचे. तेव्हा ते रास्तच होतं, तांब्या घरोघरी होता. फ्रेंच चित्रकार शार्दँनं १७३४ च्या सुमारास रंगवलेली तांब्याची पाण्याची टाकी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आपल्याला ती पुरातन वाटते, पण त्याच्या काळी पॅरिसच्या स्वयंपाकघरात ती पाणी साठवायला असायची. तो रोजचंच रंगवत होता. मग आपणच केळकर संग्रहालयात शोभतील अशा वस्तू का मांडायच्या?

मी सध्या ओट्यावरची दुधाची पिशवी रंगवतोय. कोपरा कापलेली, अर्धी रिकामी. दूध आहे तिथे ती फुगलेली, पांढरी. पण तो पांढरा खिडकीच्या बाजूला निळसर आणि खाली ग्रॅनाइटजवळ करडा. वरचं प्लॅस्टिक चुरगळलेलं, त्यावरची निळी अक्षरं घडीत शिरताना तुटतात. ती वाचत वाचत काढलीस की फसलास, नुसते आकार म्हणून काढायची. तांब्याची चमक गोलाईबरोबर वळते, तिचा अंदाज येतो. इथे प्रत्येक घडीची चमक वेगळी, बारीक आणि धारदार. जलरंगात तेवढा कागद कोरा सोडावा लागतो, मागाहून पांढरा लावून ती येत नाही. आणि वरची एलईडी ट्यूब बंदच हवी. तिच्या सगळीकडे सारख्या उजेडात सावल्या पार पुसून जातात. (दूध तापवायला घेईपर्यंतच वेळ मिळतो, घरचे तेवढं थांबतात, हे त्यांचे उपकार.)

तुझ्या आवडत्या इटालियन चित्रकार मोरांदीनं बोलोन्यात आयुष्यभर बाटल्या आणि डबे रंगवले. चमक नको म्हणून काही बाटल्यांना तो रंग फासायचा, त्यांच्यावर धूळ बसू द्यायचा. त्याच्यासारखं एकाच वस्तूपुढे ठाण मांडून बसणं मला हवंय. चमक मात्र घालवून चालणार नाही, आजच्या वस्तूंचा जीवच तिच्यात आहे. अमेरिकन चित्रकार वॉरहॉलनं १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं केली, पण ते डबे दुकानातले, न उघडलेले. मला कुणीतरी कापलेली, वापरलेली पिशवी हवी.

तेव्हा समई आणीन, पण देवापुढे लावायला. चित्रासाठी तुझ्या उशाशी आहे तेच घे: चष्मा, चार्जरची वायर, गोळ्यांची पट्टी. त्या पट्टीतल्या रिकाम्या घरांवरची फाटकी चंदेरी फॉइल तू कशी रंगवतोस ते मला बघायचंय. फोटोवरून काढू नकोस, मोबाइलमध्ये सावलीतले रंग काळे पडतात. वस्तू समोर ठेव, डोळे बारीक करून आधी छाया-प्रकाश पक्के कर, मगच रंगाला हात घाल. आणि अर्धवट असलं तरी पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण