पगार वाढला, फाईल तिथेच

मा. महसूलमंत्री, कर्नाटक सरकार, यांस

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी आमचा वारसा नोंदीचा अर्ज पुन्हा फेटाळला गेला. कारण काय, तर वंशावळीतले आजीचे नाव आधारकार्डाशी जुळत नाही. आजी वारली तेव्हा आधारकार्ड निघालेलेच नव्हते! ‘या खेपेला नक्की करतो’ असा शब्द त्याच कचेरीत साहेबांनी माझ्या आईला दिला होता.

वडील गेले, पण उताऱ्यावर अजून तेच आहेत. पावसाने भात आडवे केले तेव्हा आम्हाला भरपाई नाही, कारण ती उताऱ्यावरच्या नावाने निघते. पीककर्जही अडले. बियाण्यासाठी आईने कानातली फुले गहाण टाकली. साहेब, त्या बाईने काय गुन्हा केला?

सरकारी कामे ठरल्या मुदतीत करून देण्याच्या तुमच्या ‘सकाल’ कायद्यात उशिराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई आहे. तीसुद्धा मागावी लागते. शिवाय मुदत भरत आली की त्रुटी काढून अर्ज परत करतात आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. उशीर कागदावर दिसतच नाही.

माणसे पगारासाठी झटून काम करतात, असे सरकारला वाटत असेल. 1 ऑगस्ट 2024 पासून राज्याच्या कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगाची वाढ मिळाली, किमान मूळ वेतन 17,000 वरून 27,000 झाले. मिळू दे, त्यांनाही घरदार आहे. पण आमच्या टेबलावर काय हलले? एक कारकून मला सरळ म्हणाला, ‘जो काम करतो त्याच्याच गळ्यात आणखी फाईली पडतात, न करणाऱ्याला कोण विचारतो?’ खरे आहे. आमच्याकडे एक तलाठी होते. कन्नडच बोलायचे, पण गावात येऊन पारावर बसायचे, मोडक्या मराठीत म्हाताऱ्यांना समजावून नोंदी मार्गी लावायचे. त्यांना कुणी जादा पैसे देत नव्हते. गाव मान देत होते, तेवढ्यावर तो माणूस राबत होता. त्यांची बदली झाली. का झाली, हे सगळा गाव जाणतो. वशिल्यावाला वर्षानुवर्षे हलत नाही, राबणारा हलवला जातो, मग मागे राहिलेल्यांनी काय शिकायचे?

त्यात आम्ही मराठी. राज्यघटनेचे कलम 350 राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते, तरी मराठी अर्ज खिडकीतूनच परत येतो. मग बाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याला पैसे मोजा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून आमच्या तीन पिढ्या हेच सोसत आल्या. 2012 साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले, हिवाळी अधिवेशनाला सगळे सरकार इथे येते आणि आमच्या कचेरीकडे न फिरकता परत जाते.

येत्या अधिवेशनात फेटाळलेल्या अर्जांची यादी मागवा. कोणी फेटाळले, कितव्यांदा, कोणत्या कारणाने, सगळे तपासा. बढतीच्या वेळी ती यादी समोर ठेवा. चांगल्या तलाठ्याला नेमणुकीची मुदत पुरी होईपर्यंत हात लावू नका. आणि आईच्या अर्जाचे उत्तर मराठीत, लेखी द्या.

आपला,
बेळगाव सीमाभागातील एक शेतकरी