आठवण : शनिवारी स्टीव्ह बॅरन

सभासद मित्रहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता नेहमीच्याच हॉलमध्ये म्युझिक व्हिडिओंचा कार्यक्रम आहे. विषय आहे दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. नाव अनोळखी वाटेल, पण काम बहुतेकांनी पाहिलेलं असणार. 'बिली जीन'मध्ये मायकल जॅक्सनचं पाऊल पडेल तशी फरशी उजळत जाते ना, तो १९८३ चा व्हिडिओ यांचाच.

सिनेमाच्या सेटवर कॅमेरा सहाय्यक म्हणून सुरुवात केलेला हा माणूस. जास्त वेळ देणार आहोत तो १९८५ च्या 'टेक ऑन मी'ला. आ-हा या नॉर्वेच्या बँडचं हे गाणं आधी वेगळ्या रूपात, वेगळ्या व्हिडिओसह आलं होतं आणि पडलं होतं. मग बॅरननी कॅफेत बसलेल्या मुलीसमोर कॉमिकच्या पानातून पेन्सिलीनं काढलेला हात बाहेर काढला! चित्रित केलेली हालचाल एकेक फ्रेम हातानं रेखाटायची, अशी जवळपास ३,००० चित्रं. १९८६ साली एमटीव्हीचे ६ पुरस्कार मिळाले. गंमत म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरला 'मनी फॉर नथिंग', तोही बॅरनचाच. त्यातली संगणकावरची ठोकळेबाज माणसं आज हसू आणतील. मला मात्र अजून आवडतात.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत गटात नाव टाकावं, खुर्च्या मोजक्याच आहेत. मागच्या वेळी स्पीकरची वायर ऐनवेळी सापडली नव्हती. कुणाकडे जादा असल्यास आणावी. चहा आहे, कप घरून आणा.