सूचना : थंडी आणि पांढरे ठिपके

सर्व सभासदांना नमस्कार. रात्री गारठा वाढलाय, आणि टाकीत नवे मासे आणल्यावर माशांच्या अंगावर रव्याचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके दिसल्याचे फोटो ग्रुपवर येऊ लागलेत. हा 'इक' म्हणजे परजीवीचाच प्रकार. मासे दगडांवर अंग घासत असतील तर ठिपक्यांची वाट बघू नका.

औषध ठिपक्यावर चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. कातडीखाली परजीवी सुरक्षित असतो. तो गळून तळाशी पडतो, फुटून शेकडो पिल्लं पाण्यात सोडतो, आणि ती पोहत असतानाच औषधाने मरतात. म्हणून 'ठिपके गेले, औषध बंद' ही घाई नडते. ठिपके गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवा.

उष्ण पाण्यातल्या माशांसाठी हीटर रोज 1-2 अंशांनी चढवत 29-30 वर न्या; परजीवीचं जीवनचक्र लवकर उरकतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, एअर पंप बंद ठेवू नका. गोल्डफिशला मात्र एवढं तापवू नका. मॅलाकाइट ग्रीन या औषधाची बाटली वापरणार असाल तर फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. लोचसारखे बारीक खवल्यांचे किंवा बिनखवल्यांचे मासे असतील तर लेबलवरचं कमी प्रमाण पाहा. तांब्याचं औषध गोगलगायी-कोळंबीच्या टाकीत अजिबात नको.

जाळी, बादली दुसऱ्या टाकीत ओल्या नेऊ नका. नवे मासे 2-3 आठवडे वेगळे ठेवा. प्लास्टिकचा टबही चालतो.

डोळ्यांना दिसणारी माशांची ऊ किंवा दोऱ्यासारखा अँकर वर्म असेल तर उपाय वेगळा. आधी ग्रुपवर स्पष्ट फोटो टाका.