सेल्फ-ड्रायव्हिंग गाड्यांच्या बातम्यांत जबाबदार कोण तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सेल्फ-ड्रायव्हिंग गाड्यांवर आपल्या पेपरात जे काही येतं ते मी न चुकता वाचतो, कात्रणंसुद्धा काढून ठेवतो, आणि त्यात एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून हे पत्र. बातमी कुठलीही असो प्रश्न एकच, पूर्णपणे आपोआप चालणारी गाडी कधी येणार, आणि उत्तरही ठरलेलं, लवकरच. पण कुठल्या रस्त्यावर, कसल्या हवामानात, आणि गाडीने कुणाला उडवलं तर जबाबदार कोण, यातलं काही नसतं. माझं म्हणणं आहे की हा जबाबदारीचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण गाडी खरंच स्वतः चालवतेय की नाही ते त्याच्या उत्तरावरूनच कळतं.

इंजिनिअर लोक एसएई या संस्थेच्या लेव्हल वापरतात, शून्य ते पाच. लेव्हल २ मध्ये गाडी स्टिअरिंग, ब्रेक, वेग सगळं सांभाळते पण लक्ष माणसाने ठेवायचं, सतत, आणि कायद्याने ड्रायव्हर तोच. लेव्हल ३ ला ठरावीक परिस्थितीत नजर काढली तरी चालते मात्र गाडीने सांगितलं की ताबा घ्यायचा. लेव्हल ४ म्हणजे ठरलेल्या भागात माणूस लागतच नाही. आणि लेव्हल ५ म्हणजे माणूस जिथे जिथे गाडी चालवू शकतो तिथे सगळीकडे, अशी गाडी आज जगात कुठेही नाही, कुणाकडेही नाही. आपल्या बातम्यांत या सगळ्या एकाच नावाखाली येतात. टेस्लाच्या ज्या सिस्टिमला कंपनीने फुल सेल्फ-ड्रायव्हिंग नाव दिलं ती लोकांनी स्वतःसाठी घेतलेल्या गाड्यांमध्ये लेव्हल २ आहे, २०२४ मध्ये कंपनीनेच त्या नावापुढे सुपरवाइज्ड जोडलं, म्हणजे देखरेख तुमची. इलॉन मस्क यांनी २०१६ ला सांगितलं होतं की २०१७ संपायच्या आत गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला स्वतःहून जाऊन दाखवेल, २०१९ ला म्हणाले पुढच्या वर्षी १० लाख रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या टॅक्सी, रस्त्यावर असतील. दोन्ही झालं नाही.

हा आशावाद आला कुठून तेही बघा. २००४ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने मोजावे वाळवंटात शर्यत ठेवली, बिनमाणसाच्या गाड्यांची, अंतर २०० किलोमीटरच्या वर, आणि सगळ्यात पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी, २००५ ला, पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि स्टॅनफर्डची स्टॅनली जिंकली. दीड वर्षात एवढी उडी बघून कुणालाही वाटलं असतं की आता चार-पाच वर्षांचाच प्रश्न. पण वाळवंटात समोर माणूस नव्हता, सायकल नव्हती, हात दाखवून थांबवणारा पोलीस नव्हता. रस्त्यावर नेहमी जे घडतं ते मशीनला शिकवून झालं, अडलं ते कधीतरीच घडणाऱ्या गोष्टींवर, आणि अशा गोष्टींची यादी संपतच नाही.

२०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या टेस्ट गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं, त्या वारल्या. तपासात निघालं की सेन्सरला त्या बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसल्या होत्या. पण सॉफ्टवेअर त्यांना कधी गाडी समजत होतं, कधी सायकल, कधी दुसरंच काहीतरी, आणि प्रत्येक वेळी त्या कुठे चालल्यात याचा हिशोब पहिल्यापासून, कारण क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हे त्या सॉफ्टवेअरच्या विचारातच नव्हतं. गाडीचे मूळचे आपत्कालीन ब्रेकसुद्धा टेस्टिंगसाठी बंद ठेवले होते. आणि खटला कुणावर झाला? गाडीवर लक्ष ठेवायला सीटवर बसवलेल्या सेफ्टी ड्रायव्हरवर. तिचं लक्ष मोबाईलवर होतं ही चूकच, त्याबद्दल वाद नाही, पण तासन्‌तास काहीच न करता समोर बघत राहायचं आणि हजारात एखाद्या क्षणी पटकन जागं व्हायचं हे माणसाच्या मेंदूला जमत नाही, विमानांच्या ऑटोपायलटवर अभ्यास करणारे लोक हे फार आधीपासून सांगत आलेत. म्हणून मला लेव्हल २ ची ही मधली अवस्था सगळ्यात धोक्याची वाटते, गाडी एवढी चांगली चालवते की आपला विश्वास बसतो आणि एवढी चांगली नाही की विश्वास ठेवावा, आणि चुकलं तर दोष आपला.

याच्या उलट मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत लेव्हल ३ ची सिस्टिम आणली, अटी भरपूर, फक्त मोटरवेवर, वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत, दिवसा, हवा चांगली असेल तर. ऐकायला काहीच नाही असं वाटतं. पण सिस्टिम चालू असताना जबाबदारी आमची असं कंपनीने सांगितलं, आणि माझ्या मते लांबलचक डेमो व्हिडिओपेक्षा ही मोठी बातमी होती, ती आपल्याकडे मला कुठे ठळक दिसली नाही.

वेमो या रोबोटॅक्सी कंपनीचं काम मात्र खरंच कौतुकाचं आहे आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. २००९ साली गूगलमध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट, २०२० पासून फीनिक्समध्ये सामान्य लोकांना रिकाम्या ड्रायव्हर सीटची गाडी मिळायला लागली, नंतर सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस वगैरे, आणि २०२५ मध्ये आठवड्याला पैसे देऊन केलेल्या अडीच लाख फेऱ्या. हे लेव्हल ४ आहे. पण आधी बारकाईने नकाशा केलेल्या हद्दीतच, आणि गाडीला काही कळेनासं झालं की दूर बसलेल्या माणसाला विचारते. फ्रीवे, म्हणजे तिकडचा वेगवान महामार्ग, जो आपल्याला शहरातल्या गल्लीपेक्षा सोपा वाटतो, तो प्रवाशांसाठी २०२५ च्या नोव्हेंबरात कुठे सुरू झाला, कारण त्या वेगात चुकायला वेळच नसतो. कंपनीच्या संशोधकांनी ५ कोटी ६७ लाख मैलांचा हिशोब छापला, त्यात जखमी होण्याचे अपघात माणसांच्या मानाने बरेच कमी निघाले, आणि मला तो पटतो. पण मृत्यूंच्या बाबतीत रँड या संस्थेने २०१६ लाच गणित मांडलं होतं की गाडी माणसाइतकी तरी सुरक्षित आहे हे खात्रीने सांगायला एकही मृत्यू न होता साडेसत्तावीस कोटी मैल चालवावी लागेल. अमेरिकेत माणसं चालवतात तेव्हा साधारण दहा कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो, म्हणून एवढे मैल. ते घाईने होणारं काम नाही.

घाई केली की काय होतं ते जनरल मोटर्सच्या क्रूझ या रोबोटॅक्सी कंपनीने दाखवलं. २०२३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच एका गाडीने उडवलेली बाई क्रूझच्या गाडीपुढे पडली, गाडीने ब्रेक मारले तरी धडक बसलीच, आणि मग ती बाई खाली असताना गाडी नियमाप्रमाणे कडेला घ्यायला निघाली, साधारण ६ मीटर तिला फरपटत नेलं. गाडीखाली माणूस आहे हे गाडीला कळलंच नाही. कंपनीने फरपटीची पूर्ण माहिती अधिकाऱ्यांना नीट दिली नाही, परमिट गेलं, आणि पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने तो रोबोटॅक्सीचा धंदाच गुंडाळला.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने लिहितोय कारण माझ्या मोठ्या भावाला दिसत नाही. २०१५ मध्ये ऑस्टिनमध्ये गूगलच्या गाडीतून एक अंध गृहस्थ एकटे फिरून आले, त्या गाडीला स्टिअरिंग नव्हतं, पेडल नव्हते, ती बातमी दादाला मी वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून तो वाट बघतोय. तेव्हापासून प्रत्येक 'लवकरच' त्याने ऐकलाय. त्याला खोटी आशा नकोय, त्याला एवढंच हवंय की कुणीतरी नीट सांगावं काय झालंय, काय अडलंय. ज्या गाडीत डोळस माणसाने लक्ष ठेवायचं ती त्याच्या काय कामाची, आणि तरी बातमी वाचताना अशी गाडी आणि खरंच एकटी चालणारी गाडी यातला फरक कळत नाही, मलाच शेवटपर्यंत वाचून शोधावा लागतो. वय झालेले, अपंग, ज्यांना गाडी चालवता येत नाही असे किती लोक असतील ज्यांचं सगळं यावर अवलंबून आहे. दुसऱ्या बाजूला दरवर्षी जगात सुमारे १२ लाख माणसं रस्त्यावर मरतात, म्हणजे हे तंत्रज्ञान यायलाच हवं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही.

ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात हे बरंच स्पष्ट केलंय, गाडीला सेल्फ-ड्रायव्हिंग म्हणून मान्यता मिळाली तर ती चालवत असताना गाडी कशी चालली याची जबाबदारी मान्यता घेणाऱ्या कंपनीची, आत बसलेल्याची नाही, आणि मान्यता नसलेल्या गाडीची लोकांचा गैरसमज होईल अशी जाहिरात करणं गुन्हा. पेपरांना काही असा कायदा लागू नाही आणि नसावाच, पण आपण स्वतःहून करू शकता. पुढच्या वेळी अशी बातमी आली की लेव्हल कुठली, गाडी कुठल्या हद्दीत आणि हवेत चालते, लक्ष ठेवायला आत किंवा दूर कुणी बसलंय का, आणि अपघात झाला तर उत्तर कोण देणार, एवढं पहिल्या परिच्छेदात छापा. कंपनीने यातलं काही सांगितलं नसेल तर तसं छापा, आणि त्यांनी मागच्या वेळी दिलेली तारीख सोबत द्या.

आपला नियमित वाचक